एका गाठीचा शिंजीर

तिला राग यायला कारण लागत नाही, असं म्युझियममधले लोक म्हणत. साफ खोटं. कारण लागायचं, फक्त ते शोधायला तिला कधी लांब जावं लागलं नाही. त्या मंगळवारी तर ते आयतंच तिच्या टेबलावर येऊन बसलं होतं. एक टाइप केलेला कागद, खाली साहेबांची सही, आणि कागद उडू नये म्हणून वर ठेवलेला कोरा करकरीत रबरी शिक्का.

कागदात लिहिलं होतं : कपाट क्रमांक सहा, सर्व खण. पक्षी तयार करणाऱ्याचं नाव यादीतून वगळून तिथे 'अज्ञात' असं लिहावं. प्रत्येक चिठ्ठीवर सोबतचा शिक्का मारावा.

तिने शिक्का उलटा करून अक्षरं जुळवली. 'अविश्वसनीय.'

आता सहा नंबरचं कपाट कोणाचं, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. ते अप्पांचं कपाट. अप्पा म्हणजे तिचे वडील. त्यात अकराशे पक्षी होते, पोटात कापूस भरून उताणे निजवलेले, पाय एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधलेले. प्रत्येकाच्या दोऱ्याला एक चिठ्ठी, तिच्यावर पक्ष्याचं नाव, तारीख, नर की मादी, आणि खाली कोपऱ्यात अप्पांचं नाव. त्या पक्ष्यांची कसर काढणं, उसवलेले टाके घालणं, डांबराच्या गोळ्या बदलणं हे तिचं काम. अठ्ठावीस वर्षं ती तेच करत होती. अप्पा त्र्याऐंशीचे झाले होते, डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं, आणि दिवसभर तिच्याच घरी खिडकीशी बसून ते रेडिओवरच्या माणसांशी भांडायचे. अशा माणसाचं नाव 'अज्ञात'! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कागद मुठीत धरून ती आधी कारकुनाच्या टेबलाशी गेली, कारण ते वाटेत होतं.

"हे तुम्ही टाइप केलंत?"

कारकून तिच्याच वयाचा. वीस वर्षं तिचा राग बघून बघून निर्ढावलेला. त्याने चष्मा कपाळावर चढवला. "बाई, मी बोटं. डोकं आत बसलंय, केबिनमध्ये."

"मग आता बोटांनी कान झाकून घ्या," ती म्हणाली, आणि केबिनचं दार तिने ठोठावलं नाही.

नवे साहेब येऊन चार महिने झाले होते. माणूस वाईट नव्हता, हीच खरी पंचाईत. मवाळ, नम्र, दुसऱ्याला आधी बसवून मग स्वतः बसणारा. त्यांचं सगळं शिक्षण दगडांवर झालेलं. कुठला दगड किती कोटी वर्षांचा ते डोळे मिटून सांगायचे. पण म्युझियम चालवायचं म्हणजे पक्ष्यांवरही सही करावी लागते, आणि सही करायला शिक्षण लागत नाही.

"बसा ना, बाई."

"बसायला आले नाही मी. हा कागद तुमचाच?"

"हो. मला अंदाज होता तुम्हाला वाईट वाटेल," साहेब म्हणाले. "यादी उद्या छपाईला जाते, म्हणून घाई केली. पण मी हवेत काही लिहिलेलं नाही."

त्यांनी मागच्या लोखंडी कपाटातून एक जुनी नोंदवही काढली. ही वही तिने कधी पाहिलीच नव्हती. ती नेहमी साहेब लोकांच्याच कुलपात असायची. खूण घातलेलं पान त्यांनी उघडलं. एका ओळीत लिहिलं होतं, 'शिंजीर, नर', आणि 'नर' वर काट मारून शेजारी कोणीतरी तिरक्या अक्षरात 'मादी' असं केलं होतं. त्याखाली तपासनिसाची सही. आणि त्याच्याही खाली, एखाद्या शाळामास्तरासारखं गोल, सुटं अक्षर. ते अक्षर तिने झोपेतही ओळखलं असतं.

'चूक माझी.' आणि अप्पांची सही. तारीख सदतीस वर्षांपूर्वीची.

"तुमच्या वडिलांनीच कबूल केलंय," साहेब हळू आवाजात म्हणाले. "मग मी तो खण उघडला. तसेच अजून आठ निघाले. पोटाखाली पिवळे, वरून मळकट. आणि आठांवरही नर! आता हे बघा." त्यांनी पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक पुढे सरकवलं. फोटोत फुलावर लटकलेला शिंजीर होता, जांभळा, निळा, काळा, उन्हात तेल लावल्यासारखा चमकणारा. "नर असा असतो. तुमच्या खणातला एकही असा नाही. ज्याला नर-मादी कळत नाही त्याच्या बाकीच्या चिठ्ठ्या तरी खऱ्या कशा मानायच्या? शितावरून भाताची परीक्षा, बाई."

"साहेब, हा फोटो कधीचा आहे?"

"म्हणजे?"

"विणीच्या दिवसांतला आहे हा. नवरदेवाचा फोटो! आणि तो हातात घेऊन तुम्ही वर्षभर गावभर फिरताय, की या सुटातला माणूस कुठे दिसेना म्हणून." तिचा आवाज बाहेर कारकुनापर्यंत जात होता आणि जावा अशीच तिची इच्छा होती. "वीण संपली की नर ते झगमगीत कपडे उतरवतो आणि मादीसारखा पिवळा होतो. तुम्ही आजवर दगड बघितलेत. दगड कपडे बदलत नाहीत!"

साहेबांचे कान लाल झाले. पण ते चिडले नाहीत, आणि त्याने ती आणखीच चिडली.

"सगळे मादीसारखे होत असतील तर ओळखायचं कशावरून?" त्यांनी विचारलं.

"या माझ्याबरोबर. दाखवते."

तिच्या खोलीला उत्तरेकडे एकच खिडकी होती, आणि टेबल खिडकीला चिकटून. तिने चौथा खण अख्खाच ओढून आणला. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. कारकून 'सही घ्यायची होती' असं पुटपुटत मागोमाग आला आणि दाराला टेकून उभा राहिला. सही वगैरे काही नव्हती, त्याला तमाशा बघायचा होता.

नऊ शिंजीर एका रांगेत होते. प्रत्येक अंगठ्याएवढा, चोच सुईसारखी बारीक आणि खाली वळलेली. तिने पहिला उचलून साहेबांच्या तळहातावर उताणा ठेवला. साहेबांनी श्वास रोखला. दगडाच्या माणसाच्या हातात एवढं हलकं काही कधी आलं नसावं.

"गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध ही काळी पट्टी दिसते? मादीला ती नसते. आता पालथा करा. खांदा उजेडाकडे. कलता करा, कलता! काय दिसतं?"

"निळं काहीतरी... चमकलं."

"खांद्यावरची तेवढी पिसं तो उतरवत नाही. मादीचा खांदा कुठूनही बघा, मातीसारखाच. आणि पंख बघा, हिच्यापेक्षा, म्हणजे खऱ्या मादीपेक्षा, कितीतरी काळे." तिने बाजूच्या ओळीतली एक मादी शेजारी धरली. मग तिसरा नर उचलून त्याच्या गळ्यावर भिंग ठेवलं. पट्टीच्या कडेला दोन इवलीशी जांभळी पिसं नुकती फुटत होती. "हा बघा, सूट चढवायला लागला होता. बटणं लावायच्या आधीच बिचारा मेला."

कारकून खुसकन हसला.

"पट्टी म्हणजे घाण, डागही असू शकतो," साहेब म्हणाले. प्रश्न बरोबर होता, हे तिला मान्य करावं लागलं, मनातल्या मनात.

"असू शकतो. म्हणून हे." तिने कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पिळला आणि पट्टीवरून पिसांच्या दिशेने फिरवला. कापूस पांढराच राहिला. "आणि नुसत्या एवढ्यावरून अप्पांनी कधी चिठ्ठी लिहिली नाही. दोऱ्याला गाठी किती आहेत? तुम्ही मोजा हो, बोटं!"

"दोन," कारकून वाकून म्हणाला.

"पहिली गाठ पाय बांधायची. कातडं सोलून झालं की अप्पा आतलं शरीर उघडायचे, नर की मादी ते आतून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे, आणि मग दुसरी गाठ. त्यानंतर पेन. पोट बघितल्याशिवाय नाव लिहायचं नाही. आम्हाला घरी अंगाईऐवजी हेच ऐकवलंय. आणि या माणसाला तुम्ही अविश्वसनीय म्हणता! स्वतःला कळत नाही ते सगळं खोटं, असा हिशेब असेल तर जगात खरं फार थोडं उरेल, साहेब."

साहेबांनी पुढच्या पक्ष्यासाठी तळहात पुढे धरला. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी खांदा चमकला, कापूस पांढरा राहिला आणि कारकून पाढे म्हटल्यासारखा "दोन" म्हणाला. आठव्यापर्यंत तिचा राग मस्त तापला होता. एवढा छान राग तिला कित्येक दिवसांत आला नव्हता. वहीतली ती कबुलीसुद्धा त्या तपासनिसाने दटावून लिहून घेतली असणार, अशी तिची खात्री झाली होती. वड्याचं तेल वांग्यावर! नववाही नरच निघणार होता, आणि मग ती ती वही साहेबांच्या टेबलावर आपटणार होती.

तिने नववा उचलला. गळ्यावर काळी रेघ होतीच. तिने न बघताच कापूस फिरवला.

कापूस तपकिरी झाला.

तिने पुन्हा फिरवला. रेघ अर्धी पुसली गेली. खालून स्वच्छ पिवळी पिसं वर आली. तिने पक्षी पालथा करून उजेडात कलता धरला, डावीकडे, मग उजवीकडे. खांदा मातीसारखाच.

"एक," कारकून म्हणाला.

"नीट बघा."

"बाई, एकच आहे."

चिठ्ठीवर अप्पांचं गोल अक्षर होतं. निदान सदतीस वर्षं सगळ्यांना ते अप्पांचंच वाटलं होतं. पण 'शिंजीर'मधल्या 'र'ची शेपटी थोडी लांब ओढलेली होती, आणि अशी शेपटी शाळेत असताना एकच मुलगी ओढायची. बाईंनी त्याबद्दल तिच्या हातावर पट्टीही मारली होती.

तिला सगळं आठवलं. ती पंधरा वर्षांची. अप्पा तापाने फणफणलेले, आठ दिवस अंथरुणात. कामाचे पक्षी घरी आणलेले, ताटलीत पडलेले, अजून एक दिवस गेला असता तर कुजले असते. तिला सोलता यायचं, अप्पांनीच शिकवलं होतं. तिने एकापाठोपाठ एक सोलले. घाईत या एकाच्या चोचीत कापूस कोंबायला विसरली, आणि चोचीतून रक्त ओघळून गळ्यावर रेघ वाळली. आतलं शरीर तर तिने कुठल्याच पक्ष्याचं न बघता केरात टाकलं होतं. मग रेघ बघून लिहून टाकलं, नर. अप्पांना कामावर बोलणी बसू नयेत म्हणून अक्षरही त्यांचंच काढलं. केवढा अभिमान वाटला होता तिला त्या अक्षराचा! बरे झाल्यावर अप्पांना तिने सांगितलं, "तुम्हीच केलेत की, तापात." ते हसले होते. मग शाळा, परीक्षा, पुढचं सगळं, आणि ती चक्क विसरून गेली.

"आठ बरोबर आहेत," साहेब म्हणत होते. "मानलं. माझंच चुकलं, बाई. शिक्का नको, 'अज्ञात' नको. त्यांचं नाव राहील. आणि हा एक... चुकतो माणूस. त्यांनी प्रामाणिकपणे कबूलही केलं होतं. आपण हा बाजूला काढून ठेवू."

जिंकली होती ती. हो म्हणायचं आणि खण ढकलायचा, एवढंच उरलं होतं.

"ती वही आणा," ती कारकुनाला म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की तो पळतच गेला.

तिने ते पान उघडलं आणि पुढचं उलटलं. मग त्याच्या पुढचं. 'चूक माझी' या तारखेनंतर गोल अक्षर कुठेच नव्हतं. पक्षी अप्पांनीच भरलेले, पण नोंद कोणा ना कोणा कारकुनाच्या हातची. साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले तोवर, चौदा वर्षं. 'डोळे थकले गं,' असं ते घरी म्हणायचे. शेहेचाळिसाव्या वर्षी कुठले डोळे थकतात! शेवटची पाच वर्षं तर ती त्यांच्या शेजारच्याच स्टुलावर बसत होती. दुसरी गाठ मारून झाली की ते चिठ्ठी कोरीच ठेवायचे आणि कारकुनाला हाक मारायचे. तिने कधी विचारलं नाही. इतरांवर डोळे वटारायला तिला वेळ होता, पण हे एक साधं 'का' विचारायला नव्हता.

साहेबांना काही न सांगता तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी गेली.

अप्पा खिडकीशी बसून रेडिओतल्या हवामानवाल्याला सांगत होते की त्याला काही कळत नाही. पायरव ऐकून त्यांनी मान वळवली. "ठिणगी? एवढ्या लवकर? कोणाला जाळून आलीस?"

"अप्पा, तो नववा शिंजीर," ती उभ्यानेच म्हणाली. "वहीतला. 'चूक माझी' लिहिलंत तो. तो तुमचा नव्हता. माझा होता."

त्यांनी हात लांबवून चाचपत रेडिओ बंद केला. "बोल."

तिने सांगितलं.

"चोचीत कापूस?"

"विसरले."

"पोट?"

"टाकून दिलं होतं."

"मग लिहिलंस कशावरून?"

"गळ्यावरच्या रेघेवरून."

"अगं गाढवे!" अप्पा एवढ्या मोठ्याने ओरडले की खालच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी लावली. "रेघेवरून? पोट न बघता? माझ्या घरात राहून?"

"तुम्हाला बोलणी बसू नयेत म्हणून मी—"

"कोणी मागितली होती मदत?" त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर दाबून धरले. "त्या तपासनिसाने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. अक्षर माझं. गाठ एक. तापात काय केलं ते काही केल्या आठवेना. मला वाटलं, बघितल्याशिवाय लिहिणारा माणूस माझ्यात कुठेतरी दडून बसलाय. एकदा लिहिलं तो पुन्हा लिहील. म्हणून पेनच खाली ठेवलं. सदतीस वर्षं मी या हातांवर विश्वास ठेवला नाही, ठिणगे. चहात साखर घातली की नाही, ते दोनदा विचारतो मी तुला. तुला वाटतं म्हातारपण!"

तिला रडू फुटलं. ते त्यांना ऐकू गेलं असणार, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

"त्या आठवड्यात किती लिहिल्यास?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"अकरांवर माझं नाव?"

"हो."

"खोड."

"अप्पा, तुमचं नाव राहावं म्हणून आज सकाळी मी साहेबांशी—"

"भांडलीस. ते तुझ्या घशावरून कळलंच. खोड ते. जे मी बघितलं नाही त्याच्याखाली माझं नाव नको. एकावरही नको." जरा थांबून ते म्हणाले, "आणि गाठी बोटांनी मोज. तुझ्या डोळ्यांवर जाऊ नकोस."

त्या दिवशी त्यांनी रेडिओ पुन्हा लावला नाही. सकाळी ती निघाली तेव्हा चहाचा कप त्यांच्यापुढे तसाच होता. साखर घातली का, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

बुधवारी तिने सहा नंबरचं कपाट वरपासून खालपर्यंत बोटांनी तपासलं. दुपारपर्यंत एका गाठीचे अकरा निघाले, एक कमी नाही, एक जास्त नाही. प्रत्येक चिठ्ठीवरचं अप्पांचं नाव तिने काट मारून काढलं, स्वतःचं लिहिलं आणि खाली लिहिलं, 'पोट पाहिलेलं नाही.' मग तो 'अविश्वसनीय'चा शिक्का उचलला आणि अकरांवरही मारला. शाई कमी पडली तिथे पुन्हा मारला.

साहेब दारात येऊन उभे राहिले. "बाई, यादी छपाईला जायची आहे. एवढं कशाला? कोणी विचारणार नव्हतं."

"थांबवा यादी. आणि वही द्या."

त्यांनी वही दिली, आणि शहाणपणा करून आणखी काही विचारलं नाही. तिने ते पान उघडलं. 'चूक माझी' हे दोन शब्द तिने तसेच ठेवले. त्याखालची अप्पांची सही तेवढी खोडली आणि शेजारी आपलं नाव लिहिलं.

पेन खाली ठेवून तिने पाहिलं. अक्षर अजूनही अगदी त्यांच्यासारखंच आलं होतं.